खुर्चीवर बसा
(साक्षरता वर्गात झालेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागलात. स्वतःचे नाव लिहू लागलात. वर्ग सुरू झाला तेव्हा आम्ही विचारले होते, "शिकून काय करणार?" तुमच्यापैकी पुष्कळांनी सांगितले, "कुठे काम मिळाले तर बघू." कोणाला शाळेत खिचडी शिजवायचे काम हवे आहे. कोणाला कारखान्याच्या फाटकावर राखणदारी हवी आहे. कोणाला दवाखान्यात सफाईचे काम हवे आहे.

काम मिळायच्या आधी बहुतेक ठिकाणी बोलावणे येते. तीनचार माणसे समोर बसतात. ती प्रश्न विचारतात. यालाच मुलाखत म्हणतात. आज आम्ही या मुलाखतीविषयी बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, बोलायचे कसे ते सांगा. ते तर सांगूच. पण माणूस तोंड उघडायच्या आधीच त्याचे अंग बोलू लागते. मान बोलते, हात बोलतात, डोळे बोलतात. म्हणून आधी अंगाविषयी सांगतो.

आमच्या वर्गात एक मावशी येत होत्या. गावात लग्न असले की भात शिजवायला त्यांनाच बोलावणे. दोनशे पानांचा भात त्या एकट्या उतरवत. कधी कच्चा नाही, कधी करपला नाही. गावच्या शाळेत दुपारचे जेवण शिजवायला बाई हवी होती. मावशींनी अर्ज केला.

बोलावणे आले. मावशी शाळेत गेल्या. समोर गुरुजी होते, शाळा समितीची माणसे होती. त्यांत गावातले दोन मोठे शेतकरी होते. एक खुर्ची मावशींसाठी रिकामी ठेवली होती. पण मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत. दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसल्या. पदर तोंडाशी धरला. नजर फरशीवर.

गुरुजींनी विचारले, "साठ मुलांना तांदूळ किती लागतील?"

मावशींना अंदाज होता. पण त्या पदरातच पुटपुटल्या, "मी काय सांगू? तुम्ही सांगाल तेवढे शिजवीन."

काम दुसऱ्या बाईला मिळाले. त्या बाईने दोनशे पानांचा भात कधी शिजवला नव्हता. पण विचारलेल्या प्रश्नाचे तिने समोर बघून उत्तर दिले होते.

मावशी वर्गात येऊन रडल्या. आम्ही विचारले, "मावशी, खुर्ची होती ना? मग खाली का बसलात?" त्या म्हणाल्या, "त्यांच्यापुढे आम्ही कधी खुर्चीवर बसलोच नाही. माझी आई बसली नाही, आजी बसली नाही. पाय आपोआपच खाली वळले."

मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. मावशींचा हात स्वयंपाकात कमी नव्हता. त्यांची अक्कल कमी नव्हती. वाकण्याची सवय मात्र पिढ्यान् पिढ्यांची होती. कोणी जातीमुळे वाकले, कोणी गरिबीमुळे वाकले. बाई असल्यामुळे वाकल्या त्या वेगळ्याच.

ही सवय मोडता येते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायांना सांगितले, की पेहरावावरून हलके ठरवणाऱ्या जुन्या खुणा टाकून द्या, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा. अंगावरची खूण बदलली की मनातली खूणही पुसू लागते, हे त्यांना ठाऊक होते. पुढे २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी दिली. १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. तेव्हा मुलाखतीची खुर्ची ही कोणाची मेहेरबानी नाही. ती तुमच्यासाठीच मांडलेली असते. तिच्यावर बसा.

आता भीतीविषयी. मुलाखतीला गेले की छातीत धडधडते. तोंडाला कोरड पडते. तळहाताला घाम येतो. असे का होते? शेतात पायाजवळ साप दिसला तर काय होते, ते आठवा. हेच होते. अंग पळायची तयारी करते. समोर साप नाही, माणसे आहेत, हे अंगाला कळत नाही. म्हणजे भीती वाटणे हा काही तुमचा दोष नाही. शिकल्यासवरलेल्या माणसांनाही ती वाटते.

तिच्यावर एक सोपा उपाय आहे. नाकाने श्वास घ्या. मग हळूहळू सोडा. घ्यायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ सोडायला लावा. पाचसहा वेळा असे करा. धडधड कमी होते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या हे करता येते. कोणाला कळतही नाही.

आता आत जाऊ या.

दारात थांबा. "आत येऊ का?" असे विचारा. आत गेल्यावर सगळ्यांना एकदाच नमस्कार करा. कमरेत वाकू नका, कोणाच्या पाया पडू नका. ते देवळात, घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठीक. येथे तुम्ही काम मागायला आला आहात, भीक मागायला नाही.

"बसा" म्हणाले की बसा. नाही म्हणाले तर "बसू का?" असे विचारा. खुर्चीच्या कडेवर टेकू नका. पूर्ण बसा. पाठ सरळ ठेवा. दोन्ही पाय जमिनीला टेकवा. हात मांडीवर ठेवा. टोपी, पदर, पिशवीचा बंद, असे काही बोटांनी चाळवत राहू नका.

जो विचारतो त्याच्याकडे बघा. डोळ्याला डोळा भिडवून टक लावायची नाही. शेजाऱ्याशी पीकपाण्याच्या गोष्टी करताना बघता, तसे बघा. सारखे डोळ्यांत बघवत नसेल तर कपाळाकडे बघा. पण फरशीकडे नको. फरशीकडे बघणारा माणूस खरे बोलला तरी खोटा वाटतो.

आवाज पदरात, मिशीत अडकू देऊ नका. समोरच्या भिंतीपाशी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढा आवाज हवा. आपली बोली आहे तशी बोला. पुस्तकी भाषा ओढूनताणून आणू नका. "न्हाई" म्हटले म्हणून कोणाची नोकरी जात नाही. पुटपुटल्याने मात्र जाते.

एक इशारा देऊन ठेवतो. ताठ बसणे वेगळे आणि ताठा दाखवणे वेगळे. पायावर पाय टाकून रेलणे, मध्येच बोलणे तोडणे, "हे काय विचारता?" म्हणणे, हा ताठा झाला. मोबाईल बाहेरच बंद करा. आत वाजला तर तो तुमच्याआधी बोलून जाईल. तंबाखूचा बार तोंडात ठेवून तर जाऊच नका.

उत्तर येत नसेल तर काय करायचे? "येत नाही" असे सरळ सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. काय येते, तेही सांगा.

कागदांची पिशवी आदल्या रात्री लावा. आधार कार्ड, शाळेचा दाखला असेल तर दाखला, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक. मागतील तो कागद पटकन हाती आला की तुमचाही धीर वाढतो. कोणी अस्सल कागद ठेवून घेऊ लागला तर म्हणा, "साहेब, नक्कल घ्या. अस्सल मला परत न्यायचा आहे."

आणि सही. तुमच्यापुढे कोणी शाईची डबी सरकवील. तुमच्याकडे बघून त्याला वाटेल, हा अंगठेबहाद्दर. त्या वेळी रागावू नका. शांतपणे म्हणा, "मी सही करतो. आधी वाचतो." बोट ठेवून सावकाश वाचा. तुमच्या वाचायला वेळ लागतो, याची लाज त्यांनी बाळगायची नाही आणि तुम्हीही नाही. वाचल्याशिवाय सही करणारा शहाणा नव्हे.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत मुले वाढली. सरकारी नियम असा आहे, की २५ मुलांपर्यंत स्वयंपाकाला एक माणूस आणि २६ ते १०० मुलांना दोन. म्हणून आणखी एक बाई हवी झाली. मावशींनी पुन्हा अर्ज केला. या खेपेस वर्गात आम्ही महिनाभर तालीम घेतली. वर्गातल्याच तिघीजणी समितीवाल्या होत. मावशी रोज दारातून येत, नमस्कार करत आणि खुर्चीवर बसत. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. आठ दिवसांनी कोणी हसेना.

मुलाखतीच्या दिवशी तेच गुरुजी, तीच माणसे. मावशी आत गेल्या. नमस्कार केला. "बसू का?" म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. एका शेतकऱ्याने दुसऱ्याकडे पाहिले. पण ऊठ असे कोणी म्हणाले नाही.

गुरुजींनी मागचाच प्रश्न विचारला. मावशींनी एक श्वास सोडला. म्हणाल्या, "पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ. साठ मुलांचे सहा किलो. डाळ २० ग्रॅमप्रमाणे एक किलो दोनशे."

"गॅसचा वास आला तर?"

"आधी शेगडी विझवीन. टाकीचे बटण बंद करीन. मुलांना बाहेर काढीन. दारे-खिडक्या उघडीन. दिव्याच्या बटणाला हात लावणार नाही."

"साठ्याची नोंद मोबाईलवर करता येते का?"

"नाही येत. पण वहीत लिहिता येते. एकदा दाखवाल तर मोबाईलवरही शिकेन."

शेवटी हजेरीचा कागद आला, शाईची डबीही आली. मावशींनी डबी बाजूला केली आणि पेन मागून घेतला. त्यांना सही करायला वेळ लागला. सगळे थांबले. ते काम मावशींना मिळाले.

मंडळी, आम्ही तुम्हांला खोटी आशा दाखवणार नाही. ताठ बसले की नोकरी मिळतेच, असे नाही. कुठे जागा एक आणि माणसे पन्नास असतात. कुठे जागा आधीच कोणाला तरी देऊन ठेवलेली असते. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. पण आपल्याच अंगाने आपली जागा घालवली, असे होऊ देऊ नका.

लबाडांपासूनही सावध राहा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या गट क आणि गट ड च्या नोकऱ्यांसाठी मुलाखत घेणे बंद केले आहे. तेव्हा "त्या नोकरीच्या मुलाखतीत पास करून देतो, पन्नास हजार द्या," असे कोणी म्हणाला, तर तो ठग समजा. सरकारी माणसाने कामासाठी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या नंबरवर फोन करता येतो. त्याला पैसे लागत नाहीत.

आता घरचा अभ्यास सांगतो. आज रात्री जेवण झाल्यावर घरात एक खुर्ची मांडा. खुर्ची नसेल तर पाट चालेल, डबा उपडा घातला तरी चालेल. पोराला समोर बसवा. त्याला विचारू द्या, "तुमचे नाव काय? काय काम येते? किती वर्षे केले?" तुम्ही पाठ सरळ करून, त्याच्याकडे बघून उत्तर द्या. पोरगे हसेल. हसू द्या. पण तेही शिकेल. आपली आई, आपला बाप मान वर करून बोलतो, हे त्याने एकदा पाहिले, की उद्या त्याच्या पायांना भिंतीकडे वळायची सवयच लागणार नाही.

उद्या वर्गाला लवकर या. आम्हीही एक खुर्ची मांडून ठेवतो. पहिल्याने कोण बसणार, ते तुम्हीच ठरवा.