आपल्या मुलांचे चष्मे



आमचे उभे आयुष्य माझगावात फळ्यापाशी गेले. म्हणून आजचा विषय लहान वाटला, तरी आपण तो मनावर घ्यावा अशी विनंती आहे.

फळ्यावरचे न दिसणारे मूल शिक्षकास ओळखू येते. ते डोळे बारीक करते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि हळूहळू मागे पडते. घरी त्याला आळशी म्हणतात. दोष बुद्धीचा नसतो. बहुधा नेत्रगोल किंचित लांब असल्याने प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंग ती जागेवर आणते, इतकेच.

चष्मा मिळतच नाही, असे नव्हे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यात शाळांतून नेत्रतपासणीची आणि गरीब विद्यार्थ्यांस विनामूल्य चष्म्यांची तरतूद आहे. सर जे. जे. रुग्णालय तर आपल्यापासून जवळच आहे. अडते ते पुढे. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण शाळांत चष्मे मिळालेल्या १०१८ विद्यार्थ्यांची काही महिन्यांनी पाहणी झाली. तिचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. चष्मा लावणारे निघाले अवघे ३००! उरलेल्यांपैकी बहुतेकांचे चष्मे घरी पडून होते.

आपल्या चाळींत तरी निराळे काय घडते? गोदीत राबणारा बाप म्हणतो, "फुटला तर दुसरा कोठून आणू?" आणि चष्मा कपाटात जातो. आईला मुलीच्या लग्नाची धास्ती. आजी म्हणते, चष्म्याने नंबर वाढतो. नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळा लांबत जातो म्हणून, चष्म्यामुळे नव्हे. उलट, एका डोळ्याचा नंबर फार अधिक असून चष्मा लावला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. सात-आठ वर्षांच्या वयानंतर ती दृष्टी परत मिळविणे कठीण जाते.

तेव्हा आमच्या सूचना तीनच. सकाळी तोंड धुतल्यावर चष्मा डोळ्यांवर आणि निजताना डबीत, हा नियम आईबापांनी घालून द्यावा. 'ढापण्या' हा शब्द मोठ्यांनी थट्टेतही उच्चारू नये. मुले तो आपल्याकडूनच उचलतात. आणि वह्यावाटप करणाऱ्या आपल्या मंडळाने फुटलेल्या चष्म्यांसाठीही थोडी रक्कम राखून ठेवावी. ज्याला फळाच दिसत नाही, त्याची वही कोरीच राहणार.