दोन पेट्या चित्रे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या आळीतील मुले-मुली यंदा वर्धापनदिनासाठी फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ह्या ज्यू चित्रकर्तीच्या आयुष्यावर नाटक बसवीत आहेत. खऱ्या नोंदी आणि खरी चित्रे जुळवून त्यांनी ते रचले आहे. “एवढ्या लहानांना असले दुःख कशाला?” असे काही भगिनींनी विचारले. त्यावर बोलण्याची आज्ञा मला झाली. मी सातवीपर्यंत शिकलेली. तालमींना बसून जे समजले तेवढे सांगते.

ज्यू म्हटले की आपल्याला कोकणातले शनवार तेली आठवतात. ते आपल्यात राहिले, मराठी बोलले. युरोपात मात्र हिटलरच्या नाझी राजवटीने ज्यू तेवढा वेचून मारला.

फ्रीडलबाई १८९८ साली व्हिएन्नात जन्मल्या. आई लहानपणीच गेली. पुढे जर्मनीत बाउहाउस ह्या नामांकित कलाशाळेत शिकल्या. चित्रे काढीत, कापड विणीत, घरातले सामानसुमान आखून देत. १९३४ मध्ये व्हिएन्नातील फॅसिस्ट वळणाच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. सुटल्यावर त्या प्रागला गेल्या व १९३६ मध्ये पावेल ब्रांडाइस यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पॅलेस्टाईनला निघून जाण्याची संधी त्यांना होती. पण पतीला परवाना नव्हता, म्हणून त्या राहिल्या.

डिसेंबर १९४२ मध्ये दोघांना टेरेझिन ह्या कोंडवाड्याच्या गावी नेले. माणशी ५० किलो सामान नेण्याची मुभा. भगिनींनो, आपण काय बांधले असते? भांडे, पांघरूण, चार दाणे. ह्या बाईंनी कागद आणि रंग घेतले. चादरीही घेतल्या, पण रंगवून; हिरवी चादर टांगली की मुलांच्या नाटकात रान होईल, असा त्यांचा विचार! परत येणे होईल की नाही ते ठाऊक नसताना मुलांच्या खेळाचा पडदा तयार ठेवणारी ही बाई.

तिथे मुलींच्या वसतिघरात त्या चित्रकला शिकवीत. कचेरीतले वापरलेले कागदही चालत. भूक आणि आजार भोवती असताना मुले फुले काढीत, घराची खिडकी काढीत, फुलपाखरू काढीत. बाईंचा आग्रह असे की चित्रावर प्रत्येकाने आपले नाव लिहायचे. कोंडवाड्यात माणसाला नंबर असतो. म्हणून नावाला मोल.

आता नाटकाच्या मुख्य गोष्टीकडे येते. टेरेझिनात नाझींनीही एक नाटक केले. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पाहुणे यायचे होते. त्याआधी मे महिन्यात गर्दी कमी दिसावी म्हणून सुमारे ७,५०० माणसे ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे रवाना केली. मग घरे रंगविली, बागा लावल्या. मुलांचा ‘ब्रुंडिबार’ हा गाण्याचा खेळ पाहुण्यांना दाखविला. पाहुणे समाधानाने परतले. पडदे रंगविणे दोन्हीकडे होते. एकीकडे मुलांना रान दिसावे म्हणून, दुसरीकडे जगाला मरण दिसू नये म्हणून.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पावेलना पुढच्या गाडीत घातले. बाईंनी मागोमाग जाण्यासाठी आपण होऊन नाव दिले व ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या. जाण्यापूर्वी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली. ऑशविट्झमध्ये त्यांचा अंत झाला. पती मात्र वाचले. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये वसतिघराचे विली ग्रोग यांनी त्या पेट्या प्रागच्या ज्यू समाजाकडे पोहोचविल्या. आज ती चित्रे तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुले मारली गेली. नावे राहिली.

आता मंडळींची सूचना अशी की शेवटी आक्रोशाचा प्रवेश घालावा, म्हणजे प्रेक्षक रडतील. माझे मत निराळे आहे. ज्या गावावर एकदा खोटे नाटक झाले, त्या गावाविषयीच्या आपल्या नाटकात पदरचे एक वाक्यही नसावे. शेवटचा क्षण कोणी टिपून ठेवलेला नाही. तो आपल्या मुलांनी वठवू नये. चित्रकलेचा तास दाखवावा, पेट्या भरताना दाखवावे, आणि मग एकेका मुलाने पुढे येऊन एकेका चित्रावरचे नाव वाचावे. तेवढ्याने डोळे ओले झाले नाहीत, तर ओरडण्याने काय होणार?

राहिली मुलांच्या कोवळ्या मनाची काळजी. ती मलाही आहे, मीही आई आहे. पण ह्या गोष्टीत मुलांना क्रूरपणाच तेवढा दिसतो असे नाही. एक शिक्षिका त्यांना माणूस म्हणून वागवीत होती, हेही दिसते. दुसऱ्याला धर्मावरून वेगळे काढणे कुठवर जाते, हे आपल्या समोर बसून कळलेले बरे.

तेव्हा माझी विनंती एवढीच की मुलींना तालमीला पाठवा. आणि प्रत्येकीने घरातली एक जुनी धुवट चादर येत्या शनिवारी मंडळात आणून द्या. हिरवा रंग मी भिजवून ठेवते.