गोळी ज्याची त्याची

नवा रबरी पाइप दाबला की दबतो, उन्हात पडलेला जुना ताठ होतो. बीपी चढलेलं राहिलं की आपल्या रक्तवाहिन्याही तशाच ताठरतात.

१९६३ साली जपानमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी आपोआप बीपी चढणाऱ्या उंदरांची जात जगापुढे आणली. अशा उंदरांना दोन औषधं देऊन पाहिली. दाब दोन्हींनी उतरला. पण महाधमनीच्या भिंतीतले ताठ तंतू वाढणं रोखलं ते क्विनाप्रिलने, हायड्रालाझीनने नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण एवढं कळलं: सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. आम्हीही एकमेकींच्या गोळ्या घ्यायचो. आता नाही. क्विनाप्रिलसारखी गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरते. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. आणि बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका!