आपल्या गावचे माग
(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापड गिरणीच्या इतिहासावर बोलावे, अशी मला सूचना होती. गिरणी म्हटली की धुराडे, भोंगा आणि फाटकाशी शेठजींचा पुतळा डोळ्यांपुढे येतो. आपल्या मालेगावात यांपैकी काहीच नाही. तरीही मोसम पूल ओलांडून कोणत्याही गल्लीत शिरा, खटखट ऐकू येते. एक गिरणी हजारो घरांत वाटून टाकावी तसे हे गाव आहे. म्हणून मी त्याच गिरणीविषयी बोलणार आहे. तुमच्यापैकी निम्मे लोक तिच्यात जन्मलेले आहेत. माझे काही चुकले तर तेथल्या तेथे सांगावे.

नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात येथे किल्ला बांधला, तेव्हा दूरदूरचे कारागीर आले. 1818 साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. परंतु विणकरांची मोठी वस्ती झाली ती 1857 च्या उठावानंतर. उत्तरेत पडलेला दुष्काळ आणि उठावानंतरची दडपशाही यांना कंटाळून मोमीन, म्हणजे अन्सारी, कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरली. त्यांतली पुष्कळ येथे थांबली. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरला कापूस मिळेना आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याचे त्यात बरे झाले. विणकराचे सूत मात्र महागले. कापसाच्या मुलखात विणकर उपाशी, असा तो काळ होता.

रेल्वे मनमाडवरून गेली, मालेगावला आली नाही. मोठी गिरणी काढणारे भांडवल रेल्वेच्या बाजूने जाते. आपल्याकडे आले ते सुताचे व्यापारी. त्यांनी सूत द्यावे, विणकराने घरच्या हातमागावर लुगडी विणून द्यावीत, मजुरी घ्यावी. खानदेश-वऱ्हाडातील शेतकरी बायांच्या अंगावरचे नऊवारी लुगडे मुसलमान विणकराच्या खड्ड्यातील मागावरून येत होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या मुलांना पाठ्यपुस्तकात कधी वाचायला मिळाली नाही.

1935 च्या सुमारास यंत्रमाग आला. पुढे जे माग वाढले त्यांत गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही पुष्कळ होते. भंगाराच्या भावाने घ्यायचे, इथल्या लोहाराने आणि जॉबरने ते चालते करायचे. स्वातंत्र्यानंतर एके काळी चार मागांपर्यंतच्या कारखान्यांना अबकारी करात सूट होती. साहजिकच बारा मागांचा कारखाना तीन भावांच्या नावे झाला. कायद्याने कारखाना लहान ठेवला आणि मग लहान कारखान्याला सुधारणा परवडत नाही म्हणून सगळ्यांनी त्यालाच दोष दिला.

1982 हे साल तुम्ही लक्षात ठेवावे. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बरेचसे काम भिवंडी-मालेगावकडे वळले. त्याच मार्च महिन्यात इंग्लंडात बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल बंद पडली. वाफेच्या इंजिनावर लँकेशायर माग चालविणारी ती गिरणी; पुढे तिचे संग्रहालय झाले. आणि त्याच वर्षी इचलकरंजीस, जेथे 1904 मध्ये पहिला यंत्रमाग लागला होता, वस्त्रोद्योगाचे तांत्रिक महाविद्यालय निघाले. साहेबाने जो माग संग्रहालयात ठेवला त्याच जातीच्या मागावर आपण पोट भरीत राहिलो. मागाला मी नावे ठेवीत नाही. पण त्याच वर्षी इचलकरंजीने जे केले, ते आपल्या कोणाला का सुचले नाही?

आता एक जुनी गोष्ट सांगतो. मी आठवीला गणित शिकवीत असे. एक मुलगा पहिल्याच तासाला बाकावर डोके ठेवून झोपायचा. वडिलांना दमा होता, म्हणून रात्रपाळीचे बारा तास माग हा सांभाळी; आई घरी कांड्या भरी. मी त्याला उभे करून रागावलो. मग सहज विचारले, सेहेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडात इंचाला बावन्न धागे, तर ताण्याचे एकूण धागे किती? डोळे चोळत तो म्हणाला, "सर, ढाई हजार में एक सौ आठ कम." मी फळ्यावर गुणाकार केला. 2392. बरोबर होते. हाच मुलगा सहामाहीत गणितात नापास झाला होता, कारण प्रश्न हौदाच्या नळांवर होता.

आपल्या प्रत्येक घरात असे गणित पडून आहे. चाळीस काउंटचे सूत म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या चाळीस लड्या, म्हणजे 33,600 वार धागा. हे त्रैराशिक कांडी भरणाऱ्या बाईलाही अंदाजाने येते. ती बाई मात्र स्वतःला अडाणी म्हणवते, आणि आम्ही शिक्षक ते ऐकून घेतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगणे मला अवघड जाते. गैरहजेरी वाढली. नियमाप्रमाणे आम्ही त्याचे नाव पटावरून कमी केले. सही माझीच होती. घरी जाऊन चौकशी करावी, पाळी बदलून मिळते का पाहावे, हे मला दोन महिन्यांनी सुचले. तोवर तो दुसऱ्या कारखान्यात लागला होता. आज तो जॉबर आहे. बिघडलेला माग आवाजावरून ओळखतो, असे लोक म्हणतात. भेटला की सलाम करतो, आणि मला त्याच्याकडे नीट पाहवत नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे माझी मागणी लहान आहे. पाळी सुटण्याच्या वेळी दोन तासांचा वर्ग काढा. पाळी बदलते तशी वर्गाची वेळही बदलू द्या. कारखाना शाळेची वेळ पाळणार नाही, तर शाळेने कारखान्याची पाळावी. शुक्रवारी वर्ग ठेवू नका. आठवड्याची एकच सुट्टी, मुले सिनेमाला जाणार, आणि जावीत. मुलींसाठी दुपारचा वर्ग वेगळा ठेवावा लागेल, कारण कांड्यांचे काम दिवसभर चालते. काउंट, फणी, पन्हा, मजुरीचा हिशेब यांवरची उदाहरणे मी लिहून देतो. निम्मी वही झालीही आहे. धागे मोजण्याच्या काचा आणि एक जुना, पण चालता माग मात्र कारखानदार पालकांनी द्यावा. माग लावायला जॉबर मी आणतो.