मतदान यंत्राचे मोल

नाशिकच्या अंबड परिसरात केंद्रीय वखार महामंडळाचे गोदाम आहे. एरवी मालाच्या साठवणुकीसाठी असलेल्या या वास्तूत ४ जून २०२४ रोजी नाशिक आणि दिंडोरी या दोन लोकसभा मतदारसंघांची मतमोजणी झाली. २० मे रोजी मतदान झाल्यापासून मोजणीपर्यंतचे पंधरा दिवस यंत्रे मोहोरबंद कक्षात, अहोरात्र पहाऱ्यात होती. यंत्राच्या खर्चाचा विचार करताना हा पहाराही हिशेबात धरावा लागतो.

या यंत्राची कल्पना निवडणूक आयोगाने १९७७ साली मांडली. केरळमधील परूर मतदारसंघात १९८२ साली ५० मतदान केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. परंतु कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वापर अवैध ठरविला. संसदेने १९८८ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्व देशात यंत्रांवर पार पडली. १९८९-९० मध्ये एका यंत्राची किंमत ५,५०० रुपये होती. पुढे ती ८,६७० आणि नव्या पिढीच्या यंत्रासाठी सुमारे १७,००० रुपये झाली. यंत्राचे आयुष्य पंधरा वर्षांचे. म्हणजे हा खर्च एकदा करून संपणारा नव्हे.

याखेरीज विश्वासाचाही खर्च आहे. आपले मत योग्य ठिकाणी पडले काय, हे मतदाराला डोळ्यांनी पाहता यावे म्हणून व्हीव्हीपॅट यंत्र आले. त्यातील चिठ्ठी सात सेकंद दिसते व पेटीत पडते. १६ लाख १५ हजार व्हीव्हीपॅट यंत्रांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये ३,१७३ कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर केली. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तेथील मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला, तो याच मुद्द्यावर : तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणीची खातरजमा करता आली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. नाशिक व दिंडोरी मतदारसंघांत प्रत्येकी सहा विधानसभा क्षेत्रे येतात. तेव्हा या नियमाने साठ केंद्रांची पडताळणी होते. कागदी मतपत्रिकेकडे परत जाण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली. मात्र पराभूत उमेदवारांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवारांना मर्यादित यंत्रांची तपासणी स्वखर्चाने मागण्याची मुभा दिली.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने प्रश्न अधिक जवळचा आहे. महाराष्ट्रातील २०२५-२६ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅटचा वापर झाला नाही. बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला अनेक मते द्यावयाची असतात, ही त्यातील तांत्रिक अडचण. लोकशाहीच्या पहिल्या पायरीवर ही सोय कधी व कोणत्या खर्चाने आणावयाची, याचा निर्णय पुढे करावाच लागेल.

भवितव्याचा दुसरा प्रश्न अंबडच्या कारखान्यांतच उभा आहे. येथे काम करणाऱ्या अनेकांची नावे दूरच्या गावच्या मतदार यादीत असतात. अशांसाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना राजकीय पक्षांसमोर मांडला. पण एकमत झाले नाही. लोकसभा व विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्यावयाच्या झाल्यास नव्या यंत्रांसाठी दर पंधरा वर्षांनी सुमारे १०,००० कोटी रुपये लागतील, असाही आयोगाचा अंदाज आहे.

एवढी रक्कम खर्चूनही एक काम यंत्र करू शकत नाही. मतदानापूर्वी केंद्रावर निदान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. मतदान संपल्यावर नोंदलेल्या मतांचा हिशेब, म्हणजे नमुना १७-सी ची प्रत, उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. या दोन्ही वेळी प्रतिनिधींची खुर्ची रिकामी राहिली, तर कोट्यवधींची यंत्रणाही शंका दूर करू शकणार नाही. केंद्राध्यक्ष म्हणून काम करणाऱ्या शिक्षकाने ही कामे घाई न करता सर्वांच्या देखत करावीत आणि गावच्या कार्यकर्त्यांनी पहाटे उठून ती पाहावीत. याला सरकारी तिजोरीतून वेगळा पैसा लागत नाही. आणि यंत्रावर झालेला सारा खर्च सार्थकी लागतो तो यामुळेच.