धर्मादाय, विवाहाचा कायदा आणि पोरकें मूल

मी जन्मभर शाळामास्तरकी केली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां कायद्याच्या किंवा धर्मशास्त्राच्या अधिकारानें कांहीं सांगावें, अशी माझी योग्यता नाहीं. परंतु एक प्रश्न असा आहे कीं, तो मला प्रथम शाळेच्या ओसरीवर भेटला, आणि पुढें कित्येक वर्षांनीं तोच प्रश्न सातासमुद्रांपलीकडील न्यायमंदिरांत उभा असल्याचें मीं वाचलें. ओसरीवरची गोष्ट आधीं सांगतों.

आमच्या शाळेला जोडून गरीब मुलांसाठीं एक लहानसें वसतिगृह होतें. गांवच्या एका सधन गृहस्थांनीं त्यास दरसाल बारा पोतीं ज्वारी देऊं केली. अट एकच : त्या ज्वारीची भाकर त्यांच्या पंथाच्या मुलांनींच खावी. वसतिगृहास सरकारी अनुदान होतें, आणि अनुदानाच्या नियमांत मुलामुलांत भेद करण्यास मनाई होती. मुख्याध्यापकांनीं ज्वारी परत केली. त्या पावसाळ्यांत मुलांच्या ताटांत दोन भाकरींऐवजीं दीड भाकर पडली. वाढण्याचें काम माझ्याकडे होतें. नियम बरोबर होता, असें मला तेव्हां वाटलें व आजहि वाटतें. परंतु ती अर्धी भाकर कोणाच्या ताटांतून गेली, हें मी विसरलों नाहीं.

आतां अमेरिकेंत जाऊं. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २००३ मध्यें निर्णय दिला, आणि १७ मे २००४ पासून त्या राज्यांत दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा विवाह कायदेशीर झाला. असा विवाह मान्य करणारें तें अमेरिकेंतील पहिलें राज्य. त्याच राज्यांतील बॉस्टन शहरीं कॅथॉलिक चॅरिटीज ही संस्था विसाव्या शतकाच्या आरंभापासून निराधार मुलांना घरें मिळवून देत आली होती. हें काम करावयाचें तर सरकारचा परवाना लागे, आणि लैंगिक कलावरून कोणासहि वगळूं नये, हा नियम १९८९ च्या कायद्यापासून चालत आलेला होता. म्हणजे संस्थेस अडचण आली ती केवळ नव्या विवाहामुळें नव्हे. जुना नियम होताच, नव्या विवाहानें त्यावर सर्वांची नजर वळली.

२००५ सालीं असें उघडकीस आलें कीं, मागील सुमारें दोन दशकांत या संस्थेनें दत्तक दिलेल्या ७२० मुलांपैकीं १३ मुलें समलिंगी जोडप्यांच्या घरीं गेलीं होतीं. हीं मुलें बहुधा अशीं कीं, ज्यांना घर मिळणें अवघड. इकडे २००३ सालींच व्हॅटिकननें असें दत्तकविधान चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध असल्याचें जाहीर केलें होतें. संस्थेच्या संचालक मंडळानें डिसेंबर २००५ मध्यें एकमतानें ठराव केला कीं, आहे तसेंच काम चालूं द्यावें. परंतु राज्यांतील चार बिशपांनीं सरकारकडे सूट मागण्याचें ठरविलें. तेव्हां आठ संचालकांनीं राजीनामे दिले. सूट मिळाली नाहीं, आणि १० मार्च २००६ रोजीं संस्थेनें दत्तकाचें काम सोडून दिल्याचें जाहीर केलें. गव्हर्नर मिट रॉम्नी यांनीं धार्मिक संस्थांना सूट देणारें विधेयक मांडलें. तें संमत झालें नाहीं.

श्रोतेहो, ही हकीकत एका बाजूनें सांगितली तर ‘धर्माचा छळ झाला’ असें वाटतें. दुसऱ्या बाजूनें सांगितली तर ‘धर्मानें पोरक्यांस टाकलें’ असें वाटतें. ज्या आठ गृहस्थांनीं राजीनामे दिले, तेहि त्याच संस्थेचे हितचिंतक होते, हें लक्षांत ठेवलें म्हणजे दोन्हीं सांगणीं अपुरीं ठरतात.

पुढील प्रकरण राजधानी वॉशिंग्टन येथील. तेथें मार्च २०१० मध्यें समलिंगी विवाहाचा कायदा अमलांत आला. त्या कायद्यानें धर्मगुरूंवर असा विवाह लावण्याची सक्ती केली नव्हती. परंतु शहराच्या पैशांनीं चालणाऱ्या कामांत भेद चालणार नव्हता. तेथील कॅथॉलिक चॅरिटीजनें कायदा अमलांत येण्यापूर्वींच, फेब्रुवारीमध्यें, परक्या घरीं तात्पुरतीं संगोपनास ठेविलेलीं ४३ मुलें व तीं सांभाळणारीं कुटुंबें दुसऱ्या संस्थेच्या स्वाधीन केलीं. शिवाय नव्यानें येणाऱ्या नोकरांच्या पति-पत्नींस आरोग्यविम्याचा लाभ देण्याचेंच बंद केलें. सर्वांनाच नाहीं म्हटलें, म्हणजे कोणा एकाला होय म्हणावें लागत नाहीं! या तोडग्यांत कायद्याचा भंग नव्हता. परंतु नव्या नोकराच्या बायकोचें औषधपाणी मात्र त्यांत गेलें.

इलिनॉय राज्यांत विवाह कायदेशीर होण्याच्या आधींच, १ जून २०११ पासून, समलिंगी जोडप्यांचा नागरी सहजीवनसंबंध मान्य झाला. राज्य सरकारनें कॅथॉलिक संस्थांशीं असलेले बालसंगोपनाचे करार पुन्हा केले नाहींत. संस्था न्यायालयांत गेल्या. ऑगस्टमध्यें न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, सरकारशीं करार पुन्हा होणें हा कोणाचा मालकी हक्क नव्हे. नोव्हेंबरमध्यें संस्थांनीं दावा सोडून दिला. प्रश्न सुमारें दोन हजार मुलांचा होता. परंतु येथें एक शहाणपणाची गोष्ट घडली. बेलव्हिल येथील संस्था बिशपच्या अधिकारांतून बाहेर पडली व निराळ्या नांवानें काम करूं लागली; पिओरिया येथें नवी संस्था निघाली व जुन्या कार्यकर्त्यांनीं तेंच काम पुढें चालविलें. पाटी बदलली, पण ओळखीचा माणूस मुलाच्या दारीं येत राहिला. लहान मुलाला पाटीपेक्षां माणूस अधिक कळतो, हें मास्तरकीच्या अनुभवावरून मी सांगूं शकतों.

२६ जून २०१५ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें देशभर हा विवाह मान्य केला. त्यानंतरचा मोठा खटला फिलाडेल्फिया शहराचा. तेथील कॅथॉलिक संस्था समलिंगी जोडप्यांना संगोपनाची पात्रता देण्यास तयार नव्हती. अशा कोणत्याहि जोडप्यानें तिच्याकडे अर्ज केलेला नव्हता, आणि केलाच तर त्यास दुसऱ्या संस्थेकडे पाठवूं, असें तिचें म्हणणें होतें. शहरांत अशा वीसाहून अधिक संस्था होत्या. शहरानें २०१८ मध्यें तिच्याकडे मुलें पाठविणें बंद केलें. १७ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊहि न्यायाधीशांनीं संस्थेच्या बाजूनें निकाल दिला. त्याचें कारण बारकाईनें पाहण्यासारखें आहे. नियमास अपवाद करण्याचा अधिकार शहराच्या करारानें अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेविला होता. न्यायालय म्हणालें, अपवादाची वाट तुम्हीं स्वतःसाठीं उघडी ठेवली असेल, तर श्रद्धेच्या कारणावरून मागितलेला अपवाद सबळ हेतूवांचून नाकारतां येणार नाहीं. नियम सर्वांना सारखाच लागूं असता तर काय झालें असतें, हा प्रश्न न्यायालयानें मोकळाच ठेवला.

त्याच वर्षीं मार्चमध्यें बेथनी ख्रिश्चन सर्व्हिसेस या १९४४ पासून चालत आलेल्या प्रॉटेस्टंट संस्थेनें आपले दरवाजे सर्व देशभर समलिंगी जोडप्यांसही खुले केले. म्हणजे धार्मिक संस्थांचा मार्ग एकच असतो, असेंहि नाहीं.

या सर्वांतून मला जें समजलें, तें तीन पायऱ्यांनीं मांडतों. पहिली पायरी देवळाची. कोणाच्या विवाहास आशीर्वाद द्यावा, हें धर्मानें ठरवावें. तेथें सरकारचें काम नाहीं. १३ डिसेंबर २०२२ रोजीं संमतीची सही झालेल्या अमेरिकेच्या विवाहविषयक कायद्यांतहि धार्मिक संस्थांवर विवाहविधीसाठीं सेवा किंवा जागा देण्याची सक्ती नाहीं. दुसरी पायरी स्वतःच्या पैशांनीं केलेल्या दानधर्माची. तेथें सरकारनें हात फार जपून घालावा. तिसरी पायरी सरकारचें काम सरकारच्या पैशांनीं व परवान्यानें करण्याची. निराधार मूल हें सर्व समाजाच्या ओटींत असतें. त्याचें घर निवडणारी संस्था त्या क्षणीं सरकारचाच हात असते, आणि त्या हातानें कोणास ढकलावें हें समाजास पटणार नाहीं.

यावर कोणी म्हणतील, ‘दुसऱ्या वीस संस्था आहेत ना?’ हा युक्तिवाद आपल्या मुलखांत नवा नाहीं. ‘तुमची विहीर पलीकडे आहे’ असें सांगणारे आपण कित्येक शतकें होतों. पाणी दुसरीकडे आहे म्हणून अपमान नाहींसा होत नाहीं, हें महाडच्या तळ्यावर १९२७ सालीं आपणांस शिकावें लागलें. तथापि त्याबरोबर हेंहि म्हटलें पाहिजे कीं, विहीर खुली करण्याऐवजीं बुजवून टाकली, तर तहान दोघांचीहि राहते. संस्थेनें काम सोडलें, तरी तिनें नाकारलेल्या जोडप्यास त्या दिवशीं मूल मिळत नाहीं, आणि मुलास घरहि मिळत नाहीं.

आपल्या देशांत हा प्रश्न अगदींच परका नाहीं. २०१५ सालीं दत्तकाचे नवे नियम आले. अविवाहित व घटस्फोटित व्यक्तींना त्या नियमांप्रमाणें मूल देणें आपल्या श्रद्धेस मानवत नाहीं, म्हणून मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेनें दत्तक देण्याचें काम थांबविलें. समलिंगी विवाहास कायदेशीर हक्क म्हणून मान्यता देण्यास आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नकार दिला, आणि अशा जोडप्यांस एकत्रपणें मूल दत्तक घेऊं देण्याचा मुद्दाहि तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं फेटाळला. पांचांपैकीं दोन न्यायाधीशांस निराळें वाटलें, ही गोष्ट लहान नव्हे. उद्यां कायदा बदलला, तर आपल्याकडील धर्मादाय संस्थांसमोर हाच पेंच उभा राहील. तेव्हां बॉस्टनच्या वाटेनें जावयाचें कीं पिओरियाच्या, याचा विचार आजच केलेला बरा.

शेवटीं माझ्या ओसरीवर परत येतों. ज्वारीची गोष्ट मीं अर्धीच सांगितली. पोतीं परत पाठविल्यावर त्याच आठवड्यांत आमचे मुख्याध्यापक खांद्यावर झोळी टाकून घरोघर हिंडूं लागले. पसा पसा धान्य गोळा झालें, आणि दिवाळीपर्यंत ताटांत पुन्हां दोन भाकरी आल्या. ते मला म्हणाले होते, “मास्तर, नियम पाळला म्हणून आपण सुटलों नाहीं. ज्यानें नियम पाळला, त्यानेंच आतां झोळी उचलली पाहिजे.”

सरकारास माझें एवढेंच सांगणें आहे. समतेचा नियम जरूर करा व तो सर्वांना सारखा लावा. परंतु त्या नियमापायीं एखादें घर बंद होत असेल, तर दुसरें घर आधीं उभें करा. आणि धर्मसंस्थांस सांगणें आहे कीं, अंतःकरणाची साक्ष जरूर राखा. परंतु ती राखण्याची किंमत स्वतः द्या, मुलाच्या ताटांतून देऊं नका.