आईचे मन आणि मुलाचे शिक्षण



पालकसभेत आपण मुलांच्या गुणांविषयी बोलतो. आज मी त्यांच्या आईविषयी बोलणार आहे. ज्या मुलाने रात्री आईला मार खाताना पाहिले, त्याला सकाळी पहिल्या तासाला फळ्यावरचे गणित दिसत नाही, हे कोणताही शिक्षक आपणांस सांगेल.

आपल्या नागपुरात एका चौकाला लोक आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. तेथील मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. घरातील भांडणात ‘तुला पागलखान्यात टाकीन आणि मुले काढून घेईन’ ही धमकी आपण किती सहज ऐकतो! या एका वाक्यात दोन जुलूम आहेत. आजारी स्त्री दवाखान्याला भिते, आणि जिच्यावर हात उगारला जातो तीच वेडी ठरते.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगीच रडू येणे पुष्कळ स्त्रियांना होते व ते आपोआप जाते. परंतु दोन आठवडे उलटूनही झोप नाही, बाळाला घ्यावेसे वाटत नाही, जगणे नकोसे झाले, तर तो आजार समजावा. ती बाहेरची बाधा नव्हे आणि कामचुकारपणाही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत बाळंतपणानंतर शेकडा सुमारे २० स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः उदासीनता, होतो. घरात मारहाण व अपमान असेल तर हा धोका वाढतो. उपचाराने तो बरा होतो. मेयो आणि मेडिकल या आपल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही मोफत सल्ला मिळतो.

आता धमकीचा विचार करू. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरविता येत नाही. आई रुग्णालयात दाखल असली तरी तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून दूर करता येत नाही. तसेच २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. केवळ मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, मानहानी आणि खर्चाला पैसे न देणे हीही त्यात हिंसाच आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

इतके असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या शेकडा केवळ १४ निघाल्या. त्यांचे तोंड कोणी बंद केले? बहुधा आपणच. माहेरी आलेल्या मुलीला ‘निभाव बेटी, लोक काय म्हणतील’ असे सांगून परत धाडण्याआधी तिच्या हातावरचे वळ पाहा. समझौता अवश्य करावा. पण ज्यात फक्त एकानेच सोसावयाचे, त्याला समझौता म्हणत नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, आईला मार बसत असेल तर तो तुमचा दोष नाही. मध्ये पडून स्वतः मार खाऊ नका. शेजारच्या मोठ्या माणसाला बोलवा, ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. विश्वासातल्या शिक्षकाला सांगा. घरची गोष्ट सांगितल्याने घराची अब्रू जात नाही, ती मारणाऱ्याने आधीच घालविलेली असते. आणि मुलग्यांनो, उद्या तुम्हीही संसार कराल. हात न उगारणारा पुरुष घडविणे हेदेखील शिक्षणच आहे.

पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाला गुण विचारण्याआधी त्याच्या आईला एवढेच विचारा: रात्री झोप लागली का? उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ मात्र जवळ ठेवा.